तबकडी पुढे, पाठ पृथ्वीकडे: भिंतीवरच्या कॅसिनीबद्दल

चित्र घरी येऊन सात आठवडे झाले. पहिल्या दिवशी लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून थांबलो. सकाळच्या उजेडात, रात्री दिव्याखाली, भिंग लावून आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून इतक्या वेळा पाहिलंय की आता जे सांगायचं ते ठामपणे सांगता येईल.

आधी वस्तू काय ते सांगतो. आडवं चित्र, ३६ बाय २४ इंच. शनीच्या अभ्यासाला पाठवलेलं कॅसिनी यान शनी आणि त्याची कडी यांच्या मधल्या फटीतून चाललंय, एवढाच विषय. चित्रकाराने संगणकावर रंगवलेलं आणि पिगमेंट शाईत छापलेलं. फ्रेम नसते, जाड पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून येतं. मॅट (बिनचकाकीचा) आणि बॅरायटा (चकचकीत लेपाचा) असे दोन कागद निवडता येतात. मी बॅरायटा घेतला. कारण पुढे सांगतो, कारण या खरेदीतला खरा निर्णय तोच आहे.

मी २८ वर्षं छापखान्यात काढली, त्यातली शेवटची बरीचशी रंगांच्या प्रूफवर सही करण्यात गेली. कॅसिनीशी माझी ओळख तिथलीच. १४ जानेवारी २००५ ला कॅसिनीबरोबर गेलेलं छोटं यान हायगेन्स शनीच्या टायटन या चंद्रावर उतरलं. पुढच्याच महिन्यात एका विज्ञान मासिकाचं मुखपृष्ठ आमच्याकडे आलं. टायटनच्या जमिनीचा फोटो होता, सगळा नारिंगी, धूसर, समोर गोलसर दगड पडलेले. मशीनमनने पहिला कागद उपसला आणि म्हणाला, "साहेब, पिवळा-लाल फार चढलाय, उतरवतो." त्याचं चुकत नव्हतं. आमच्या धंद्यात असा रंग दिसला की हात आपोआप शाईच्या चाव्यांकडे जातो. मी मूळ प्रत शेजारी धरली आणि म्हटलं, "हात लावू नकोस, तिथली हवाच अशी आहे." ते दगड १०-१५ सेंटिमीटरचे आणि बहुधा गोठलेल्या पाण्याचे, हे मला त्याच दिवशी कळलं. ती सगळी दुपार मी मशीनपाशी उभा राहून तो नारिंगी जपला. तेव्हापासून कॅसिनीची बातमी म्हटली की मी वाचत आलोय, अगदी १५ सप्टेंबर २०१७ ला ते शनीच्या वातावरणात शिरून संपलं तोवर.

निवृत्तीनंतर कामाच्या टेबलासमोरची भिंत मोकळी होती. तिथे कॅसिनी हवं, हे नक्की होतं. पण कॅसिनीचा शनीपाशी काढलेला फोटो मिळत नाही, कारण तो कुणी काढलेलाच नाही. तेरा वर्षं ते शनीभोवती होतं, २९४ फेऱ्या मारल्या, साडेचार लाखांवर छायाचित्रं पाठवली, आणि त्याचा फोटो घ्यायला तिथे दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे चित्रच घ्यावं लागणार. फोटो असला की तुलना करता येते. इथे तुलनेला काहीच नाही, त्यामुळे चित्रकाराला काय ठाऊक आहे यावरच सगळी मदार.

हे मी शिकलो ते पहिली खरेदी फसल्यावर. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून कॅनव्हासवरचं कॅसिनी मागवलं होतं. पडद्यावर देखणं दिसत होतं. प्रत्यक्षात आलं आणि पाच मिनिटांत मन उतरलं. यान कड्यांच्या आत, ढगांच्या अगदी जवळ, म्हणजे २०१७ मधलं. त्याच्या कुशीला हायगेन्सची गोल थाळी मात्र चिकटलेली! हायगेन्स तर डिसेंबर २००४ मध्येच सुटं झालं होतं. यानाच्या खाली शनीच्या उत्तर ध्रुवावरचा ढगांचा षटकोन पूर्ण उन्हात, आणि कड्यांची सावलीही उत्तर गोलार्धावरच. सूर्य कड्यांच्या उत्तरेला असेल तर षटकोनावर ऊन पडतं आणि सावली दक्षिणेला जाते. दोन्ही एकाच वेळी उत्तरेला येऊ शकत नाहीत. वर आकाशभर ताऱ्यांचा सडा. यानाच्या लांब, तारेसारख्या अँटेना कॅनव्हासच्या विणीत कुठे तुटलेल्या, कुठे गायबच. मी चित्र परत केलं. परत घेतलं, पण "रंग आवडला नाही" याखेरीज त्यांच्या यादीत दुसरं कारणच नव्हतं, आणि रंगाला मी नावं ठेवलीच नव्हती.

मधल्या काळात मंगळावरच्या रोव्हरचीही चित्रं पाहिली. बहुतेकांत सूर्यास्त आपल्यासारखा तांबडा. मंगळावर तो उलटा असतो. हवेतली बारीक धूळ निळा प्रकाश सूर्याच्या दिशेनेच पुढे ढकलते, त्यामुळे मावळत्या सूर्याभोवती निळसर प्रभा दिसते. रोव्हरने पाठवलेल्या फोटोंत ती स्पष्ट आहे. तिथे तर फोटो उपलब्ध असूनही चित्रकार पाहत नाहीत, याचं मला वाईट वाटलं.

आता हे चित्र.

नळीतून काढून टेबलावर पसरलं आणि चार कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवली. पहिली नजर गेली ती तबकडीवर. कॅसिनीची मोठी अँटेना ४ मीटर व्यासाची, पांढरी. तिचं नेहमीचं काम म्हणजे पृथ्वीकडे तोंड करून बोलत राहणं. या चित्रात ती पृथ्वीकडे नाही. ती पुढे आहे, येणाऱ्या कणांच्या दिशेने, आणि बाकीचं यान तिच्या आडोशाला. हे पाहिलं आणि मी खुर्ची ओढून बसलो. कारण आता या चित्राला तारीख आली: २६ एप्रिल २०१७.

त्या दिवशी कॅसिनी पहिल्यांदा शनी आणि कड्यांच्या मधून गेलं. तिथून आधी कुठलंच यान गेलेलं नव्हतं. कडी आणि शनीच्या वातावरणाचा वरचा काठ यांच्यातली फट सुमारे २,००० किलोमीटर रुंद; ढगांचे माथे त्या काठाच्याही बरेच खाली. यान ढगांच्या माथ्यापासून सुमारे ३,००० किलोमीटरवर आणि कड्यांच्या सर्वांत आतल्या दिसणाऱ्या काठापासून जेमतेम ३०० किलोमीटरवर. वेग ताशी सुमारे १,२४,००० किलोमीटर. एवढ्या वेगात धुळीचा कणही यानाला निकामी करू शकतो, आणि फटीत धूळ किती असेल याचे फक्त अंदाज होते. म्हणून तबकडीचीच ढाल केली. पण ढाल पुढे धरली की पृथ्वीशी बोलणं बंद. मोजमापं घ्यायची, पार व्हायचं आणि सुमारे २० तासांनी पुन्हा पृथ्वीकडे वळायचं, असा हुकूम आधीच देऊन ठेवला होता. मधल्या काळात यान आहे की गेलं, हे पृथ्वीवर कुणालाच कळण्याचा मार्ग नव्हता.

चित्रकाराने बरोबर तोच काळ निवडला आहे. रंगवायला सोपे आणि विकायला बरे असे क्षण पुष्कळ होते. शेवटच्या दिवशीची जळती रेघ घेता आली असती, विकायला आलेल्या चित्रांत तीच जास्त दिसते. इथे काही जळत नाही. एक छोटंसं यान पाठ फिरवून एकटं चाललंय.

यान खरंच छोटं आहे. एवढ्या मोठ्या कागदावर तबकडी फक्त ४० मिलिमीटर. बाकी चित्राचा खालचा अर्धा भाग नुसते ढग: फिकट पिवळे, साय रंगाचे, मध्येच मातकट, एकमेकांत मिसळणारे आडवे पट्टे. क्षितिज किंचितच वाकलेलं. आणि षटकोन नाही! याचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटलं. विषुववृत्तावर ३,००० किलोमीटर उंचीवरून दोन्ही बाजूंना साधारण १८ अंश अक्षांशांपर्यंतच दिसू शकतं, शनी एवढा प्रचंड आहे. मी हे कागदावर त्रिकोण काढून तपासलं. षटकोन तर थेट ध्रुवापाशी. यान थोड्याच वेळापूर्वी उत्तर गोलार्धावरून आलेलं आहे, पण या क्षणी तो क्षितिजाच्या खूप पलीकडे गेलाय. षटकोन टाकला असता तर गिऱ्हाईक वाढलं असतं. त्याने टाकला नाही.

सावलीचंही तसंच. शनीच्या उत्तर गोलार्धात मे २०१७ मध्ये भर उन्हाळा, म्हणजे सूर्य उत्तरेकडे पूर्ण कललेला. कड्यांची सावली दक्षिणेला पडायला हवी. चित्रात ती दक्षिणेकडच्या क्षितिजाजवळ आहे: आधी एक विरळ, धुरकट पट्टा, आणि क्षितिजाला टेकताना एकदम गडद. विरळ सावली आतल्या सी कड्याची, गडद सावली दाट बी कड्याची. सर्वांत आतलं डी कडं तर इतकं विरळ असतं की ते त्याने नुसत्या वाफेसारखं रंगवलंय. त्यातून पलीकडचं काळं आकाश दिसतं. कुठेही तरंगणारे धोंडे नाहीत. आकाशात ताराही नाही. उन्हातला शनी नीट दिसेल एवढाच उजेड घेतला तर मागचे तारे दिसत नाहीत. कॅसिनीच्या स्वतःच्या कित्येक फोटोंत आकाश असंच कोरं काळं आहे.

यानाच्या कुशीला एक रिकामं कडं दाखवलंय. हायगेन्स जिथे बसवलेलं होतं ती जागा. सव्वाबारा वर्षांपूर्वी गेलेल्याची खूण. भिंगाशिवाय नीट दिसतही नाही, आकाराने फार तर शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी. ती पाहिली आणि मला ती २००५ मधली दुपार आठवली.

आता छपाई. इथे मला बोलायचा हक्क आहे असं मी मानतो.

आकाशात तारे नाहीत, याचा अर्थ चित्राचा वरचा भाग सलग काळा. छापायला याहून अवघड काही नाही. मॅट कागदावर काळा छापला की तो कोळशाच्या राखेकडे झुकतो. कागदाचा पृष्ठभाग खरखरीत, प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि काळ्यावर पांढुरका पदर चढतो. चित्रकाराला लिहून मी दोन्ही कागदांवरच्या नमुन्याच्या पट्ट्या मागवल्या होत्या. पट्टीत काळं आकाश, कड्याचा काठ आणि यानाची एक तार एवढं यावं, असं कळवलं होतं. त्याने कुरकुर न करता पाठवल्या. माझ्याकडच्या जुन्या डेन्सिटोमीटरवर (छपाईचा गडदपणा मोजायचं यंत्र) मॅटचा काळा १.६ भरला, बॅरायटाचा २.२. आकड्यांत फरक थोडा वाटतो, पण हे माप लॉगॅरिदमचं आहे. ०.६ च्या फरकाचा अर्थ मॅटचा काळा चौपट प्रकाश परत फेकतो. टेबलावर दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या तर मॅटवरचं यान धुक्यात आहे असं वाटतं, बॅरायटावरचं पोकळीत. तुम्ही घेणार असाल तर बॅरायटाच घ्या. फुलांच्या किंवा डोंगराच्या चित्राला मॅट शोभतो. या चित्राला शोभत नाही.

बॅरायटाचा एक तोटा सांगितला पाहिजे. पिगमेंट शाई चकचकीत कागदावर तिरक्या कोनातून पाहिली की गडद भागात तांब्यासारखी झाक मारते. इथेही मारते, ढगांच्या मातकट पट्ट्यात, खोलीच्या दारातून पाहिलं की. काच बसवल्यावर बरीच कमी झाली. पूर्ण गेली नाही.

दुसरी कसोटी म्हणजे रंगाचा उतार. शनी दिवसाकडून रात्रीकडे जातो तिथे उजेड हळूहळू मावळत काळ्यात विरतो. अशा उतारावर छपाईत हमखास पायऱ्या पडतात, जिन्यासारखे पट्टे उमटतात. मी भिंग घेऊन तो सगळा उतार इंच इंच पाहिला. पायरी एकही नाही. कारणही भिंगात दिसलं: चित्रकाराने अंधाऱ्या भागात अतिशय बारीक रवाळपणा मिसळलाय, रांगोळीच्या भुकटीसारखा. हातभर अंतरावरून तो दिसत नाही, पण पायऱ्या मोडून टाकतो. आम्ही हेच करायचो, आणि मालकांना पटवून द्यावं लागायचं की हा दोष नाही, मुद्दाम घातलाय.

आणि आता यानाच्या अँटेनांच्या तारा. कॅसिनीला एका बाजूने तीन लांब अँटेना होत्या, प्रत्येकी १० मीटरच्या, काटकुळ्या. रेडिओ आणि प्लाझ्मा लहरी ऐकणाऱ्या. तबकडीची ढाल यानाला झाकते, पण या तीन तारा तिच्या बाहेर राहतात. फटीतून जाताना धुळीचे कण कुठे आदळतात हे त्यांनीच ऐकायचं होतं. त्या नोंदींचा आवाजात तर्जुमा केला की कणाचा प्रत्येक आघात तडतडल्यासारखा ऐकू येतो. कड्यांच्या प्रतलातून जाताना तडतडाटाची सवय असलेल्या शास्त्रज्ञांना या वेळी जवळपास काहीच ऐकू आलं नाही. फट अपेक्षेपेक्षा कितीतरी रिकामी निघाली. २० तासांची ती शांतता संपल्यावर कळलेली मोठी गोष्ट हीच.

चित्रात या तिन्ही तारा पाव मिलिमीटर जाडीच्या आहेत, प्रत्येक दहा सेंटिमीटर लांब. एक तार तर काळ्यावरून निघून कड्याच्या उजळ काठावर जाते. म्हणजे अर्धी तार काळ्यावर उजळ, अर्धी उजळावर काळपट. अशी रेघ छापायला दिली तर माझ्या काळातला कुठलाही मशीनमन कपाळाला हात लावेल. चार रंगांच्या प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी रेघेला रंगीत कडा फुटते. इथे इंकजेटची छपाई आहे, जाळीच्या ठिपक्यांची ती गुलाबासारखी नक्षी नाही, विखुरलेले सूक्ष्म ठिपके आहेत. भिंगाखाली मी तिन्ही तारा मुळापासून टोकापर्यंत पाहिल्या. कुठेही तुटलेल्या नाहीत. रंग बदलतो ती जागासुद्धा स्वच्छ. याच तारा त्या कॅनव्हासच्या विणीत गडप झाल्या होत्या.

यानाच्या अंगाचा सोनेरी रंगही बरोबर पकडलाय. ते सोनं नाही. अंबरच्या रंगाचा, कॅप्टॉन या प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा आणि मागे ॲल्युमिनिअमचा थर, अशी ती उष्णतारोधक आवरणं. सुरकुतलेली असतात, म्हणून एकाच पृष्ठभागावर कुठे पांढरी चमक तर कुठे गडद तपकिरी दिसतं. चित्रात प्रत्येक सुरकुतीला सूर्याच्या बाजूने चमक आहे, आणि ढगांकडच्या बाजूने खालून आलेला पिवळसर उजेड. दुसरा उजेड शनीचा. तो विसरला असता तर यान कापून चिकटवल्यासारखं दिसलं असतं.

चित्र टेबलावर पसरलेलं होतं तेव्हा नात आली. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, ह्याला पंख का नाहीत? ते निळे असतात ना, उन्हाचे?" मी म्हटलं, "शनी सूर्यापासून आपल्यापेक्षा साडेनऊ पट लांब. मग तिथे ऊन किती?" तिने साडेनऊचा वर्ग केला, सव्वानव्वद काढले. "नव्वदावा भाग?" मग तिला सांगितलं की म्हणून याच्यात प्लुटोनिअमच्या उष्णतेवर वीज करणारी तीन यंत्रं होती. तिने ती चित्रात शोधून काढली, तळाशी, फासळ्यांसारखे पत्रे असलेली. मला दोनच दिसली होती. तिसरी अर्धी सावलीत आहे.

आता दोष. मोठा दोष एकच, पण तो आहे. चुंबकत्व मोजणारं उपकरण यानापासून दूर एका ११ मीटर लांब दांडीवर होतं, कारण यानाच्या स्वतःच्या विजेचा मापावर परिणाम होऊ नये. चित्रात तबकडी ४० मिलिमीटरची आहे. तबकडी तिरकी असली तरी तिच्या लंबवर्तुळाचा मोठा अक्ष खऱ्या व्यासाचंच माप देतो, म्हणजे १ मीटरला १० मिलिमीटर. त्या हिशोबाने दांडी ११० मिलिमीटर हवी. पट्टी लावली, ७४ भरली. दांडी आपल्याकडे रोखलेली असती तर आखूड दिसणं रास्त होतं. पण उजेड तिच्यावर ज्या तऱ्हेने पडलाय त्यावरून ती आडवीच पसरलेली आहे. बाकी सगळं इतकं काटेकोर असताना हे मला खुपतं. शेवटच्या फेऱ्यांमधलं एक मुख्य काम शनीचं चुंबकीय क्षेत्र मोजणं होतं, आणि ते याच दांडीवर होतं.

बाकी किरकोळ. कागदाला चारही बाजूंनी पांढरी पट्टी फक्त एक इंच ठेवली आहे. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावणाऱ्याला दीड-दोन इंच मिळाले तर काम नीट होतं. नळीत गुंडाळलेला बॅरायटा आपोआप सपाट होत नाही, दोन दिवस वजनाखाली ठेवावा लागला. उलटा गुंडाळून सरळ करायला जाऊ नका, वरचा थर तडकतो.

फ्रेम मी काळी, बारीक, लाकडी केली. काचेबाबत सांगतो, कारण इथे लोक चुकतात. साधी काच लावली तर एवढ्या काळ्या चित्रात तुम्ही स्वतःच दिसाल, आरशासारखे. खरवडलेली, बिनचकाकीची काच मिळते, पण ती मध्ये माउंट आला की चित्र पुसट करते आणि त्या तीन ताराच पहिल्यांदा जातात. परावर्तन रोखणारा लेप दिलेली काच घ्या. तिचा खर्च चित्राच्या किमतीच्या जवळपास गेला, तरी काटकसर करू नये. चित्र आणि काच यांच्यात माउंटची जाडी राहू द्या, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो.

दिव्याचंही तसंच. माझ्या टेबलावर पिवळा, २७०० केल्विनचा दिवा होता. त्याखाली ढग सगळे एकसारखे नारिंगी होत आणि सावलीतला थंड करडा रंग मरून जाई. ४००० केल्विनचा, रंग नीट दाखवणारा दिवा लावला आणि सी कड्याची ती विरळ सावली वर आली. आधी चार दिवस मी ती पाहिलीच नव्हती. चित्राचा मध्य डोळ्यांच्या रेषेत ठेवा. मी बसून काम करतो म्हणून थोडं खाली टांगलंय, म्हणजे मान वर केली की क्षितिज समोर येतं.

नळी पोचली तेव्हा एका टोकाला चेपलेली होती. वाहतुकीत झालं असणार. आतला कागद टोकापासून तीन बोटं आत गुंडाळलेला होता म्हणून वाचला. ही काळजी पाठवणाऱ्याने घेतली होती, त्याचं श्रेय त्याला.

दांडीबद्दल मी चित्रकाराला मापांसकट लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पूर्ण लांबीची दांडी कड्यांच्या उजळ पट्टीवर चढत होती आणि नजर यानाऐवजी तिथे जात होती, म्हणून आखूड केली, असं त्याने सरळ कबूल केलं. पुढच्या आवृत्तीत यान थोडं डावीकडे घेऊन दांडी पूर्ण करतो म्हणाला, आणि मला ती प्रत बदलून देऊ केली. मी कळवलं की माझी आहे ती राहू द्या, मी हिच्यावर रुळलोय. फक्त यान सरकवताना एक सांभाळा. तबकडीच्या आडोशाबाहेर आलेल्या त्या तीन तारांची जाडी वाढवू नका, आणि ती एक तार काळ्यावरून उजळ काठावर जाते तिथेच जाऊ द्या.